बाहेर म्हणजे कुठे

आमच्या घरामागचा संडास बांधून झाला, तेव्हा त्यात सगळ्यात आधी राहायला गेला तो पेंढा. मग सरपण गेलं, मग बाबांचं जुनं इरलं, आणि शेवटी एका कोंबडीने कोपऱ्यात जागा धरून अंडी घातली. सरकारी योजनेतला तो संडास, निळ्या पत्र्याच्या दाराचा. आई आणि मी मिळून त्यातलं सगळं बाहेर काढलं, कोंबडीला अंड्यांसकट हलवलं आणि आम्ही दोघी तो वापरायला लागलो. बाबा मात्र उजाडता उजाडता टमरेल घेऊन बांधाकडे निघायचे, ते निघायचेच. मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पहिलं वर्ष माणसाला फार वाईट असतं, कारण जे आदल्या दिवशी कळलं ते दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांना शिकवावंसं वाटतं. मी बाबांना जंतूंबद्दल सांगायचे. ते ऐकून घ्यायचे. एकदा फक्त म्हणाले, "घराच्या भितीला टेकून घाण कराची? भितीच्या पल्याड देव हायत." आणि गेले.

वडिलांच्या अशा जाण्याबद्दल मुलीने लिहू नये, असं मला अजूनही थोडं वाटतं. पण साहेबाची गोष्ट सांगायची तर ती तिथूनच सुरू होते, आणि माझ्या मते संपतेही तिथेच.

साहेब म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. माझे धाकटे काका भातसानगरला धरणावर कामाला होते. तिथल्या कॉलनीत कुणा इंजिनियरच्या व्हरांड्यात एक कुत्री व्याली होती, त्यातलं एक पिल्लू काकांनी भाजीच्या पिशवीत घालून, दोन एसट्या बदलून आमच्याकडे आणलं. पाऊस सरत आला होता, भात पोटरीला आलं होतं, आणि रानडुकरांचा त्रास सुरू झाला होता, म्हणून राखणीला कुत्रा हवा होता. पिशवीतून तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला, असं काहीतरी बाहेर आलं, ओटीवर चार पावलं चाललं आणि आईने सकाळीच सारवलेल्या जमिनीवर बसून मोकळं झालं.

"वयनी, लादीवर जल्मलेला हाय त्यो," काका म्हणाले. "सायबाच्या बंगल्यातला."

"सायेब हाय तर सायबाकडंच ठेवाचा," आई म्हणाली आणि राखेचं घमेलं आणायला आत गेली.

त्याचं नाव पडलं ते असं. पुढे घरात त्याच्याबद्दल बोलताना आपोआप आदरार्थी क्रियापद यायचं. साहेब जेवले. साहेब झोपले. आणि दिवसातून सात-आठ वेळा, साहेब मुतले.

ज्यांच्या घरात लादी आहे त्यांना हे कळणार नाही. लादीवरचं पाणी फडक्याने पुसता येतं. शेणाने सारवलेली जमीन सगळं पिऊन टाकते. तेवढा तुकडा खरवडायचा, माती टाकायची, चोपायची, पुन्हा शेणाचा हात फिरवायचा आणि वाळेपर्यंत त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून पाट उपडा घालून ठेवायचा. आमच्या घरात त्या दिवसांत तीन-तीन पाट उपडे पडलेले असायचे आणि आम्ही त्यांच्यामधून नागमोडी चालायचो. पाचव्या दिवशी आई वैतागली. तिने बाबांना सांगितलं की टोकावड्याला फोन करा. टोकावड्याला माझ्या मामाचा ढाबा होता, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. मामाला कुत्रा हवाच होता, कारण आधीचे दोन गाडीखाली गेले होते. तिसरा कशाला हवा होता हे त्यातच आलं.

बाबांनी फोन केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "दिवाळीनंतर भात न्यायला येल त्यो टेंपो घेऊन. तवा नेल याला."

मी म्हणाले, "तवर शिकला तर?"

"काय शिकला तर?"

"घरात घाण कराची नाय, ह्ये."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते फारसं हसत नसत, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललेलं मला आठवतं. "मला चार म्हैन्यात नाय शिकवलंस तू. याला दोन म्हैन्यात शिकवनार हायस?"

आई तोंडाला पदर लावून हसली. माझे कान तापले. पण बाबा पुढे म्हणाले, "शिकव. मामाचा टेंपो येस्तवर घर वळखलं त्यानं, तर राहू दे. नाय वळखलं तर टोकावडं." आमच्याकडे शब्द दिला की तो लिहून ठेवावा लागत नसे.

मी फोनवर शोधून पद्धत काढली. जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला लगेच बाहेर न्यायचं. रोज एकाच जागी न्यायचं. तिथे त्याने केलं की त्याच क्षणी शाबासकी द्यायची आणि काहीतरी खायला द्यायचं. घरात केलं तर मारायचं नाही, ओरडायचं नाही. मी हे सगळं वहीत उतरवलं आणि समास आखून खाली रेघ मारली, कॉलेजच्या नोट्ससारखं. जागा म्हणून अंगणाच्या टोकाचं शेवग्याचं झाड धरलं. खायला काय द्यायचं हा प्रश्न होता. फोनवर बिस्किटाच्या आकाराचं काहीतरी दाखवत होते. आमच्याकडे सुकट होती. मी ओढणीच्या टोकाला चिमूटभर सुकट बांधून ठेवू लागले. त्या वर्षी एसटीत माझ्या शेजारी कुणी फार वेळ बसत नसे, त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

"मान्सांना सुकट पुरना," आई म्हणायची, "नि याला मुतल्याची बक्षिशी!"

पण आज मागे वळून बघताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी मी तेव्हा वहीत कुठेच लिहिली नव्हती. माझी एसटी सकाळी सातला असायची आणि मी परत यायचे दुपारी दोन-अडीचला. मधल्या सगळ्या वेळात साहेबाला शेवग्याखाली कोण नेत होतं? आईच. भाकरी थापता थापता तिला त्याची कुईकुई ऐकू यायची, की पिठाच्या हातानेच ती त्याला उचलून अंगणात धावायची. मी घरी आल्यावर ती मला सगळं सांगायची. दोन वेळा बाहेर, एक वेळ घरात, उंबऱ्यापाशी, पण निघाला होता बिचारा. "तू कालेजात नि मी याची मास्तरीन," ती म्हणायची. मी जेवता जेवता वहीत खुणा करायचे आणि यश माझं समजायचे. तेव्हाची ती जेवणं मला अजून दिसतात. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर भाजलेला बोंबील, आणि ताटापासून हातभर अंतरावर बसलेला साहेब, उभा कान माझ्याकडे आणि पडलेला आईकडे.

हळूहळू पाट उचलले गेले. आधी तिनाचे दोन झाले, मग एक. नवरात्र संपलं तेव्हा एक पूर्ण दिवस कोरडा गेला. मग सलग चार दिवस. भातकापणी सुरू झाली, घर दिवसभर रिकामं राहू लागलं, तरी संध्याकाळी आल्यावर जमीन जशीच्या तशी असायची आणि साहेब दारामागे पाय आखडून उभा. दार उघडलं की बाण सुटावा तसा तो शेवग्याकडे जायचा, तीन गिरक्या घ्यायचा, बसायचा, आणि मग मान वळवून माझ्या ओढणीच्या टोकाकडे बघायचा. बाबा काही बोलत नसत. पण एकदा साहेब दार ओरबाडायला लागला तेव्हा मी उठायच्या आत तेच उठले आणि त्यांनी कडी काढली. मला वाटलं, झालं. आपण जिंकलो.

खरं म्हणजे मी शेतकऱ्याची मुलगी. सहावीत असल्यापासून खळ्यात राबलेली. दिवाळी झाली की आमच्या अंगणाचं काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही ते महिना-दीड महिना माझ्या डोक्यातच आलं नाही. वहीत दोनच रकाने होते, घरात आणि बाहेर. त्या दोन रकान्यांत मी इतकी गुंतले की आपल्याकडे तिसरंही काही असतं हे विसरून गेले.

दिवाळीच्या पाठोपाठ बाबांनी अंगण खणलं, दगड वेचले, पाणी मारून चोपलं. दोन दिवस माझी कॉलेजात चाचणी होती. मी पहाटे जायचे आणि आल्यावर पुस्तकात डोकं घालायचे. आईने शेणाचा पातळ काला करून सगळं अंगण सारवलं, ओटीच्या पायरीपासून ते पार शेवग्याच्या बुंध्यापर्यंत. खळं झालं. खळं झाल्यावर त्यात चपला घालून जायचं नाही, खरकटं टाकायचं नाही, शिवी द्यायची नाही. बाबा तर खळ्याच्या कडेला आले की पायातलं काढून क्षणभर थांबत आणि मग आत पाऊल टाकत, देवळात टाकावं तसं. त्या दिवसांत आईने साहेबाला, कोंबड्यांमागे धावेल या धास्तीने, मागच्या दाराशी आतून बांधून ठेवलं होतं. झोडणी झाली, पेंढ्याची उडवी रचली गेली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, वारं बरं होतं म्हणून बाबांनी भात उपणायला घेतलं, आणि त्याच दिवशी मामा टेंपो घेऊन आला.

मामा म्हणजे मोठ्या आवाजाचा, सदा पान खाल्लेला माणूस. खळ्याच्या कडेला चपला काढून तो उडवीला टेकून बसला आणि म्हणाला, "काय दाजी, रास बरी दिसते. नि माझा राखनदार कुठं हाय?"

रास खरंच बरी होती. झिणी जातीचं भात, सोनेरी, रास माझ्या कमरेइतकी उंच. वाऱ्याची दिशा बघून बाबांनी ती खळ्याच्या टोकाला धरली होती, शेवग्याच्या सावलीत. राशीच्या शेंड्यावर झेंडूचं फूल आणि विळा ठेवला होता. तिच्याभोवती आणि खळ्याच्या कडेने राखेची रेघ होती. सुपातून भात पडताना जो एक सलग, पावसाच्या फार लांबच्या सरीसारखा आवाज येतो, तो चालू होता.

मी ओटीवरून म्हणाले, "मामा, त्यो टोकावड्याला येनार नाय. त्यो शिकला."

"काय शिकला? पाढं?"

"घरात घाण नाय करत. सोताहून सांगतो, मला बाहेर जायाचं म्हनून."

"बग बग," मामा आईला म्हणाला, "भाची माझी कुत्र्याचं कालेज काढतेय."

आणि नेमकी त्याच वेळी आतून कुईकुई ऐकू आली. साहेब दावं सोडवून पुढच्या दाराशी आला होता आणि दार ओरबाडत होता. माझा आनंद मला अजून आठवतो. तो आठवला की आजही मान खाली जाते. मी म्हणाले, "आता बगा सगळ्यांनी," आणि ऐटीत दार उघडलं.

साहेब पायरी उतरला. मामाकडे त्याने बघितलं नाही, कोंबड्यांकडे बघितलं नाही, सरळ खळ्यातून चालत गेला. मी शिकवलं होतं तसा, एकाच जागी, रोजच्या जागी. मला कळलं तेव्हा तो शेवग्यापाशी पोचला होता. त्याने राशीच्या पायथ्याशी राखेच्या रेघेवर तीन गिरक्या घेतल्या, नव्या भाताला पाठ लावून बसला आणि दोन्ही कामं एकदम उरकली. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि माझा हात, माझ्याही नकळत, ओढणीच्या टोकाकडे गेला होता.

सुपाचा आवाज थांबला.

आईने कपाळाला हात लावला. मामाच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. मग तोच पहिल्यांदा बोलला, हळू आवाजात, "दाजी, दोरी द्या. बांधून टाकतो याला टेंपोत."

मी खळ्यात उतरले आणि साहेबाला उचललं.  आणि, कॉलेजात जाणारी मुलगी असल्यामुळे, मी वाद घातला. म्हणाले, "बाबा, घरात नाय केलं त्यानं. तुमी घरात म्हनाले होते. त्यानं बाहेर केलं."

बाबांनी सूप खाली ठेवलं. "ह्ये बाहेर हाय?"

मी पायाखालच्या सारवणाकडे बघितलं.

"सांग ना. ह्ये बाहेर हाय काय गो?"

मला उत्तर माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग याला कोनी सांगितला ह्ये बाहेर हाय म्हून?"

"मी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या साहेबाकडे. तो माझ्या ओढणीचं टोक चाटत होता. मग बाबा मामाकडे वळून म्हणाले, "दोरी दोन लागतील. ही पन घेऊन जा. ढाब्यावर भांडी घासंल."

मामा आधी गोंधळला, मग इतका मोठ्याने हसला की पानाचा तोबरा आवरायला त्याला खळ्याबाहेर धावावं लागलं. आईही हसली. मी हसले नाही. मी बाबांकडे बघत होते, कारण ते हसले नव्हते. ते राशीपाशी वाकले. भिजलेलं भात त्यांनी दोन्ही हातांनी सुपात ओढलं, चांगलं दोन ओंजळी जास्तच, आणि कोंबड्यांकडे नेऊन टाकलं. आईने शेण आणलं आणि तेवढा भाग पुन्हा सारवला. बाबांनी शेंड्यावरचं फूल बदललं, राखेची रेघ नव्याने ओढली, आणि मग राशीसमोर हात जोडून असे उभे राहिले की जणू घरातल्या एखाद्या लेकराने मोठ्या माणसाला लाथ मारली होती आणि ते त्याच्या वतीने माफी मागत होते. त्यांनी डोळे मिटले होते. मला त्या क्षणी वाटलं, मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याची चूक नाय. त्यो शिकवल्यापरमानं वागला. उद्यापास्नं माझ्यासंगं येल त्यो."

मामाचा टेंपो चार पोती भात घेऊन गेला. मागच्या फळीवर कुत्रा नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दारात उभी होते. बाबा टमरेल घेऊन निघाले आणि मागे साहेब. दोघे खळ्याच्या कडेकडेने गेले. साहेबाने एकदा आत पाऊल टाकलं, तेव्हा बाबा थांबले. ओरडले नाहीत, बोलावलं नाही, नुसते त्याच्याकडे बघत थांबले, तो पाऊल मागे घेईपर्यंत. मग पुढे चालू लागले. आई माझ्या मागून म्हणाली, "निघालं बग दोघं सायेब." धुक्यात आधी कुत्रा दिसेनासा झाला, मग बाबांची पांढरी टोपी.

आठ दिवस लागले. ना सुकट, ना वही. मी नंतर बाबांना विचारलं की तुम्ही त्याला कसं शिकवलंत. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "शिकवलं कुठं? संगं नेलं." मी आता स्वतः शिकवण्याचंच काम करते, आणि वर्गात एखादं मूल काही केल्या ऐकत नाही तेव्हा ते दोन शब्द मला आठवतात. दर वेळी उपयोग होतोच असं नाही. आणि संडासाचं म्हणाल, तर बाबा तो वापरायला लागले ते पुढे गुडघा दुखू लागल्यावर, तेही कुणी शिकवलं म्हणून नाही. पहिल्या दिवशी त्यांनी आधी आतल्या भिंतीवरचे देव समोरच्या भिंतीवर हलवले. साहेब मात्र बांधावरच जात राहिला, एकटा.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी मी कल्याणला कॉलेज बदललं आणि तिथे खोली घेऊन राहू लागले. दिवाळीत परीक्षेमुळे येता आलं नाही, आले ती त्यानंतरच्या शनिवारी, दुपारी. खांद्याला बॅग होती, पायात नव्या टाचेच्या सँडल होत्या, कानाला फोन होता. मैत्रिणीशी काहीतरी निकालाचं बोलत होते. रस्त्यावरून वळले आणि घराकडे सरळ चालू लागले, नेहमीच्या वाटेने, अंगणातून.

साहेब समोरून आला. आता तो मोठा झाला होता, पण पडलेला कान तसाच होता. मला वाटलं धावत येऊन अंगावर उडी मारेल. तो शेपूट हलवत धावत आला खरा, पण हातभर अंतरावर एकदम थांबला. पुढचे दोन पाय एका रेषेत ठेवून उभा राहिला. शेपूट सगळं अंग हलवत होती आणि पाय जागचे हलत नव्हते. मी "ये ना रे" म्हणाले. तो कुईकुई करू लागला. मी चिडून खाली बघितलं. त्याच्या पायांसमोर खळ्याच्या कडेची राखेची रेघ होती. तो रेघेच्या बाहेर होता.

मी आत होते, सँडल घालून.

ओटीवर बाबा सूप विणत बसले होते. त्यांनी बघितलं की नाही मला माहीत नाही. मान वर केली नाही एवढं खरं. मी फोन बंद केला, एकेका पायाने उभी राहून सँडल काढल्या, आणि त्या हातात घेऊन, आल्या वाटेने मागे, रेघेच्या पलीकडे गेले. तेव्हा कुठे साहेब कडेने वळसा घालून माझ्या अंगावर आला.